सव्वासातचे चाळीस गीझर

गल्लीतल्या चाळीस घरांचे गीझर आणि घराघरांतल्या बॅटऱ्या सूनबाईने एकाच डब्याला जोडल्या होत्या. विजेची ओढ वाढली की डबा गीझरना पाळीपाळीने थांबवायचा आणि दुपारी उन्हावर भरलेल्या बॅटऱ्यांतून वीज सोडायचा. आज परीक्षा होती. सकाळी सात ते आठ या वेळेत ट्रान्सफॉर्मरवरचा भार लाल रेषेखाली राहिला, तर वीज कंपनीचे साहेब योजना कायम करणार. नाही तर डबा भंगारात, कोपऱ्यावर धूर ओकणारा जनरेटर आणि तिची दोन वर्षांची मेहनत मातीत.

सात वाजले आणि डब्याच्या पडद्यावरचा भार धाडकन खाली आला. साहेब खूश झाले. सूनबाईने मात्र डब्याची नोंद उघडून पाहिली: डब्याने अजून एकही गीझर थांबवला नव्हता.

तेवढ्यात सासरेबुवा धापा टाकत आले. निवृत्त स्टेशनमास्तर, स्वारी भलतीच खुशीत.

"घरोघरी सांगून आलोय! सातला गीझर बंद, आंघोळी खोळंबू नयेत म्हणून सव्वासातच्या ठोक्याला चालू. एक जण चुकायचा नाही!"

"बाबा, चाळीस गीझर एकदम चालू झाल्यावर काय होईल?"

सासरेबुवांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

"ट्रान्सफॉर्मर बसेल," साहेब म्हणाले. "फोन करा सगळ्यांना!"

"दहा मिनिटांत चाळीस फोन? राहू द्या. लोकांना बटणं दाबू द्या. वीज कुणाला कधी मिळणार, ते डबा ठरवेल."

तिने डब्याला नवा हुकूम दिला: एका वेळी चारच गीझर, तान्ही बाळं असलेली घरं आधी, बाकीच्यांनी थांबायचं. बॅटऱ्या पूर्ण सोडल्या.

सव्वासातला चाळीस बटणं दाबली गेली. भार चढला, लाल रेषेच्या दोन बोटं खाली थबकला आणि आठपर्यंत तिथेच राहिला.

"मी मुद्दाम ठरवूनही एवढी कडक परीक्षा घेतली नसती," साहेब म्हणाले. "योजना कायम."

सासरेबुवा बाहेर पायरीवर गुडघे चोळत बसले होते.

"घोळ घातला ना मी?"

"चांगलाच घातलात. पण चाळीस घरं फिरलात कशाला?"

"सगळ्यांना सांगत होतो, आज आमच्या सूनबाईची परीक्षा आहे, सांभाळून घ्या."

नऊ वर्षांत तिच्या कामाला त्यांनी 'वायरींशी खेळणं' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

"चला आत," ती त्यांचा हात धरत म्हणाली. "डबा कसा चालतो ते दाखवते. पुढच्या वेळी घोळ तरी नीट घालाल."