एका माईकसमोर तिघं

स्पृहा झोपली की मी व्हायोलिनच्या तारांखालच्या घोडीला कपड्यांचा चिमटा लावायचे. आवाज निम्मा होतो. मग तिच्या श्वासाकडे एक कान ठेवून माझा तुकडा घोटायचा. इवलासाच तुकडा, पण माझा एकटीचा. बाळंतपणानंतर माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि नवरा तेही खात होता.

जयेश बँकेत अगदी शहाणा असतो. बँजो गळ्यात आला की खलास. मिरवणुकीतला बेंजो नव्हे हा. गोल, चामडं ताणलेला, तारा छेडायचा. नझीरभाई मँडोलिनवर. इथे बहारीनमध्ये, बाब अल बहरीनच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दुपारी शटर अर्धं ओढून आमची तालीम तिथेच. ब्लूग्रासचं, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरी गाण्यांचं, खूळ त्यांचंच.

"तुमचं व्हायोलिन स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोकांनी बोटीतून अमेरिकेला नेलं, वहिनी. बँजो आफ्रिकेतल्या माणसांचा. पुढे डोंगरातली पोरं शहरात कारखान्यांत कामाला लागली, गावाच्या आठवणीने रडवेली झाली, त्यात हे सगळं कालवलं गेलं."

"म्हणजे सगळे आपल्यासारखेच. व्हिसावाले."

"आफ्रिकेतल्यांना गुलाम करून नेलं, वहिनी. त्यांना कुठला व्हिसा?"

मी व्हायोलिनचा बो उचलला. हे संगीतही अजबच. तबला नाही, ढोलकी नाही. मँडोलिननेच चक् चक् करून ताल धरायचा. गाण्यात प्रेयसीला नदीत बुडवतात आणि चाल अशी, की बारशाला लावावी! शिवाय जुनी रीत म्हणजे सगळ्यांत मिळून माईक एकच. ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, आपला तुकडा वाजवून मागे सरायचं.

जयेश सरतच नसे.

"अरे, माझी पाळी!"

"सॉरी गं, भानच राहत नाही."

दर तालमीला हेच. नझीरभाईंची बायको, जुबैदाभाभी, स्पृहाला मांडीवर घेऊन हे बघायची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "अगो, मागत काय बसलीस? हातात पोर दिलं की पुरुष आपोआप मागे सरतो. माझ्यावर सोड."

सनाबिस भागातला कार्यक्रमाचा हॉल भरला होता. जयेशचा तुकडा संपला, टाळ्या पडल्या, आणि साहेबांनी डोळे मिटून तोच पुन्हा सुरू केला. मी बो उचलून ताटकळत उभी. तेवढ्यात जुबैदाभाभी पहिल्या रांगेतून उठली, सरळ स्टेजवर आली आणि स्पृहाला त्याच्यापुढे धरलं.

"धर रे, तुझ्याकडेच यायचंय तिला."

स्पृहाने लाळेने ओली मूठ तारांवर आपटली. बँजो जागच्या जागी मुका. जयेशने डोळे उघडले. लोक हसत होते. लेकीला कडेवर घेण्यावाचून इलाज नव्हता; बँजो पाठीवर सारून तो मागे गेला. नझीरभाईंची चक् चक् चालूच. म्हणाले, "यल्ला, चला वहिनी!"

मी पुढे झाले. चिमटा नाही, दबलेला आवाज नाही. बो टेकला आणि हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत माझाच सूर गेला. मागे स्पृहा खिदळत होती, बापाच्या कडेवर पाय झाडत. तुकडा संपत आला तसा कानाशी जयेश कुजबुजला, "सावनी, हिने शी केलीय."

"बॅगेत डायपर आहेत," मी म्हटलं. "नझीरभाई, आणखी एक फेरी घ्या."