हॅलोबाईंचं एक्स्चेंज

हॅलोबाईंना मत नाही असा विषय अख्ख्या शहरात नव्हता. नवा उड्डाणपूल त्यांना नामंजूर होता, कारण त्याच्यामुळे दुसऱ्या मजल्यावरची माणसं जेवायला बसली की येणारे-जाणारे त्यांच्या ताटात डोकावत. चौकातली काचेची बँक नामंजूर होती, कारण दुपारचं ऊन तिच्यावरून उडून नेमकं रस्ता ओलांडणाऱ्याच्या डोळ्यांत जाई. जुनं वाचनालय पाडून तिथे केलेली बाग त्यांना मनातून आवडे, पण तसं कबूल करतील तर शपथ. बागेतल्या बाकावर पुस्तक उघडून बसत आणि कुणी हटकलंच तर म्हणत, "वाचनालयातच बसलेय. मेल्यांनी छप्पर तेवढं काढून नेलंय."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून त्या हॅलोबाई. निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून तसाच खणखणीत. खाली भाजीची गाडी आली की तिसऱ्या मजल्यावरून त्यांना ओरडावं लागत नसे. नुसतं बोललं तरी पुरे.

अशा बाईच्या एकुलत्या एक लेकीने लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी साहजिकच विचारलं, "करतो काय मुलगा?"

"बांधकामात आहे."

"अरे वा! काय बांधतो?"

लेक पडद्याकडे बघत म्हणाली, "बांधत नाही गं तसं. पाडतो."

जुन्या इमारती पाडायची कंत्राटं घेणारा जावई! हॅलोबाईंनी कपाळाला हात लावला. पण माणूस समोर आला तो अगदीच निराळा. अंगाने आडवातिडवा, दारातून येताना आपोआप खांदा तिरका करणारा, आणि बोलणं इतकं हळू, की तिसऱ्यांदा "काय?" म्हणायची चोरी. पहिल्याच भेटीत त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ न सांगता दुरुस्त केला. बाईंना तो आवडून गेला आणि आवडला याचाच त्यांना भारी राग आला.

तेव्हापासून दर रविवारी चहाबरोबर चौकशी चाले.

"ते कोपऱ्यावरचं थिएटर तुम्हीच का हो?"

"नाही आई, ते दुसऱ्या कुणीतरी."

"आणि बाळंतपणाचं जुनं हॉस्पिटल? आमची ही तिथे झाली."

जावई कपात बघे. "ते... मी."

"छान. बायकोचं जन्मस्थान जमीनदोस्त केलंत." असं म्हणून त्या त्याच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवत. लेक हसून हसून बेजार होई.

एकदा तो आडवारीच आला, तोही एकटा. बसला, चहा समोर ठेवला तरी हात लावेना. गुडघ्यावर दोन्ही पंजे ठेवून नुसता बसून राहिला. हॅलोबाईंनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडले होते. पलीकडच्या माणसाला बोलायचंय पण शब्द फुटत नाही, हे त्यांना श्वासावरून कळे.

"कोणती इमारत?" त्यांनी विचारलं.

"तुमची, आई. एक्स्चेंजची."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना. दोघंही तेच ऐकत बसले.

"काम मला मिळालंय," तो शेवटी म्हणाला. "अजून सही केली नाही. तुम्ही नको म्हणालात तर सोडून देतो. पण मी सोडलं तरी दुसरा कुणी घेईल. पाडणार हे नक्की झालंय."

हॅलोबाई उठल्या आणि गार झालेला चहा मोरीत ओतून आल्या. "विचार करून सांगते," एवढंच बोलल्या.

त्यानंतर त्यांनी फोन घेणंच बंद केलं. लेकीचा जीव टांगणीला लागला. तिने आईला रडताना पाहिलं होतं, भांडताना तर रोजच पाहत होती, पण घंटा वाजतेय आणि आई फोन उचलत नाही, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती धावत येऊन बघते तर हॅलोबाई गॅलरीत स्वस्थ बसलेल्या.

"अगं, बरं नाही का? आम्ही घाबरलो ना!"

"मला काय धाड भरलीय! नवऱ्याला सांग, सही करा म्हणावं. परक्याने पाडण्यापेक्षा घरच्याने पाडलेली बरी. पण त्याआधी मला एकदा आत घेऊन जा म्हणावं."

ठरल्या सकाळी जावई गाडी घेऊन आला. पाडकामाच्या जागेवर हेल्मेट घातल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत आणि बाईंच्या अंबाड्यावर हेल्मेट काही बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली. मुकादम आणि मजूर आदबीने बाजूला झाले. मालकाच्या सासूबाई पाहणीला आल्यात ही बातमी आधीच पोचली होती.

जिना तोच होता. मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या, हाताला गुळगुळीत लागणारा कठडा. जावई कोपराला हात देऊन चढवत होता आणि बाई प्रत्येक वळणावर थांबून सांगत होत्या: इथे आमची गप्पांची जागा, इथे माझी चप्पल तुटली होती, इथे उंची राहायची उभी. उंची म्हणजे शेजारच्या खुर्चीवरची त्यांची मैत्रीण, कित्येक वर्षं साथीला असलेली. बदली होऊन गेली ती पुन्हा भेटली नाही.

वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल रिकामा होता. कॉल जोडायचे बोर्ड केव्हाच काढून नेले होते; भिंतीवर त्यांच्या मापाचे फिकट चौकोन तेवढे राहिले होते. जमिनीवर खुर्च्यांच्या पायांनी पाडलेले खळगे मात्र ओळीने होते. हॅलोबाई बरोब्बर आपल्या खळग्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"इथून मी लोकांना मुलगा झाल्याचं कळवलं. माणूस गेल्याचं कळवलं. एकदा एक नवरा-बायको इतके भांडले, की मीच मध्ये पडले, म्हटलं, अहो, वेळ संपत आलाय, निदान शेवटी तरी गोड बोला."

"मग बोलले?"

"दोघं मिळून माझ्यावर ओरडले. एकमत झालं म्हणून मला बरं वाटलं."

जावई हसला. हसता हसता रुमालाने मान पुसत म्हणाला, "केवढं उकडतंय हो इथे! खिडक्या का बंद करून ठेवल्यात?"

"खिळे मारलेत त्यांना. धूळ जायची ना बोर्डात." हॅलोबाई बोलून गेल्या आणि थबकल्या. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एक्स्चेंजच्या शंभर गोष्टी त्या घरीदारी सांगत. पण त्यांतल्या एकीतही कुणाला घाम यायचा नाही.

मग त्यांची नजर हॉलच्या टोकाला गेली. तिथे लाकडी चौकटीची, काचा लावलेली सुपरवायझरची केबिन अजून शाबूत होती.

"जावईबापू, ह्या इमारतीत बायकांचं टॉयलेट दाखवा बरं."

त्याच्या डोक्यात नकाशा होता. तो क्षणभर आठवत राहिला. "नाहीये वाटतं."

"नाहीच. शेजारच्या इमारतीत जायचं. त्यासाठी त्या केबिनपुढे उभं राहायचं. तो काचेतून बघायचा, मान खाली घालायचा, पुन्हा बघायचा. मग मर्जी झाली तर बोट हलवायचा. तुमची बायको पोटात होती तेव्हा एकदा त्याने वर बघितलंच नाही. मी उभी होते, उभी होते, शेवटी परत येऊन खुर्चीवर बसले आणि कॉल जोडत राहिले. पुढचं सांगत नाही. उंचीने स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली आणि मला मागच्या जिन्याने घरी नेऊन सोडलं."

जावयाचा चेहरा लाल झाला. तो बाहेर जाऊन मुकादमाकडून जाड हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा आणि एक बेताच्या वजनाचा हातोडा घेऊन आला. मागोमाग आलेल्या मजुरांना लांब उभं केलं.

"आई, सुरुवात तुम्ही करा."

"मी? अहो, माझे खांदे बघा!"

"मी मागून धरतो."

पहिला घाव चौकटीवर बसला. नुसता ठप्प आवाज आला. हॅलोबाईंना अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी पदर खोचला, जावयाला "सोडा" म्हणाल्या आणि दुसरा घाव एकटीने घातला. काच खळ्ळकन फुटून आत कोसळली. मागे मजुरांनी टाळ्या वाजवल्या. बाई हातोडा खाली ठेवून जावयाच्या रुंद छातीला कपाळ टेकवून रडल्या, भरपूर रडल्या, आणि मग नाक पुसून म्हणाल्या, "आता जाळी घातलेली ती मागची खिडकी उघडा कुणीतरी. जीव गुदमरतोय."

खाली उतरताना त्यांनी विचारलं, "इथे होणार काय?"

"ऑफिसं."

"बायकांची सोय प्रत्येक मजल्यावर?"

"ते मी ठरवत नाही आई. आर्किटेक्ट ठरवतात."

"नंबर द्या."

आर्किटेक्ट तरुण बाई होती, भली होती आणि कामात बुडालेली होती. तिच्या ऑफिसातून तीन वेगवेगळ्या माणसांनी फोन एकमेकांकडे ढकलला. हॅलोबाईंनी त्यांना फोन कसा जोडून द्यायचा हे गोड शब्दांत शिकवलं आणि शेवटी तिला गाठलंच. तिने नकाशे मागवले, पाहिले आणि म्हणाली, "प्रत्येक मजल्यावर आहे हो मावशी."

"दार कुणाच्या केबिनसमोरून नाही ना जात?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "एका मजल्यावर जातंय," ती सावकाश म्हणाली. "बदलते."

पाडकाम सुरू झालं तशी समोरच्या फुटपाथवर, चांभाराच्या टपरीच्या सावलीत हॅलोबाईंची खुर्ची पडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या माहिती देत, मजुरांना पाणी पाठवत, मुकादमाला सूचना करत. मुकादम वैतागून मालकाकडे गेला तर मालक म्हणाला, "मी घरी ऐकतो, तू इथे ऐक."

पाडकामाची बातमी पसरत पसरत कुठवर गेली कोण जाणे. एका सकाळी काठी टेकत एक उंच, किंचित वाकलेली बाई रस्ता ओलांडून आली आणि खुर्चीपुढे उभी राहिली.

"काय गं, तुझ्या जावयाने म्हणे आपलं एक्स्चेंज पाडायला काढलंय?"

हॅलोबाई उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. ज्या आवाजाने गावोगावचे कॉल जोडले, तो आवाजच फुटेना. चांभाराने आपलं स्टूल पुसून पुढे सरकवलं. उंची बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले ते कितीतरी वेळ सोडले नाहीत.

वरच्या मजल्याची समोरची भिंत त्या दिवशी उतरवत होते. आत ऊन शिरलं आणि उघडा पडलेला हॉल रस्त्यावरून दिसायला लागला.

"अगंबाई," उंची म्हणाली, "एवढुसा होता का गं?"

"मग काय! आपणच मोठ्या होतो."

"चांगली होती बाई इमारत."

"चांगलीच होती," हॅलोबाई म्हणाल्या. "पण राहू दे. पडू दे." आणि पलीकडून धूळ झटकत येणाऱ्या त्या आडव्यातिडव्या माणसाला त्यांनी हात केला. "अहो, इकडे या! ही उंची. हिच्या पाया पडा आधी, मग कामाला लागा."