कडीआडचं रक्त

"कडी लावते दाराला, आत माझी चिमणी,
वाऱ्या, मागल्या पायी जा, नको येऊ अंगणी."

लहानपणी तिला गोवर निघाला, तेव्हा आई दाराबाहेर बसून हे गुणगुणायची. आतल्या अंधारात तिला वाटायचं, कडी म्हणजेच माया.

पुढे ती रक्त तपासायला शिकली, कुणाची सून झाली, आणि कोरोना आला तशी तिनेही कडी लावली. नवरा बोटीवर, घरात ती आणि सासू दोघीच. दमेकरी सासूबाई मागच्या खोलीत. ताट उंबऱ्याशी, बोलणं दाराआडून. लस टोचून झाली, लोक हिंडूफिरू लागले, तरी कडी तशीच, बाहेरून. सासूबाई भिंतीपासून खिडकीपर्यंत चालत आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत. कुरकुर नाही. फार तर म्हणत, "आज खिडकीला जाऊन आले गं. प्रवास बरा झाला."

प्रयोगशाळेत प्रतिपिंडं शोधणाऱ्या दोन किटांची तुलना चालली होती. शरीर विषाणूशी लढायला शिकलं की रक्तात जी खूण राहते, ती हीच. पहिलं किट विषाणूच्या काट्यांविरुद्धची खूण पकडायचं. ती इथे दिलेल्या, फक्त काट्यांवर बेतलेल्या लसीनेही उमटे. दुसरं गाभ्याविरुद्धची, ती आजार होऊन गेल्याखेरीज उमटत नसे. ताडून पाहायला लस घेतलेलं, पण आजार न शिवलेलं रक्त हवं होतं. तिने छातीठोकपणे सासूबाईंचं दिलं.

दुसऱ्या किटने नेमकं तेच रक्त आजार होऊन गेलेलं ठरवलं.

"किट खोटारडं आहे," साहेब म्हणाले.

"बाकीचे नमुने बरोबर आलेत, सर."

"मग सासूबाई खोट्या? तुम्हीच म्हणता ना, वारासुद्धा लागू दिला नाही? उद्या किट परत पाठवू."

मास्क चढवून तिने सासूबाईंचं रक्त पुन्हा काढलं, पुन्हा तपासलं. होकाराचा रंग तसाच गडद चढला. किट खोटं म्हणावं तर चांगली वस्तू परत जाणार. खरं म्हणावं तर आपली कडी खोटी. इकडे आड, तिकडे विहीर.

संध्याकाळी ती दाराशी उभी राहिली.

"आई, खोलीत कुणी आलं होतं का?"

"कोण येतंय? झुरळसुद्धा तुला विचारून येतं."

"थट्टा नको. तुम्हाला कोरोना होऊन गेलाय. रक्त सांगतंय."

आत पलंग करकरला.

"रक्त चहाडखोर निघालं म्हणायचं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ताप भरला, अंग मोडून निघालं. उशीत तोंड खुपसून खोकत होते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"पण आला कुठून? या दाराशी तर फक्त मीच..."

किट खरं होतं. आतला आवाज आता अगदी दाराला लागून आला.

"माझ्या तापाच्या आदल्या आठवड्यात तू दूध करपवलंस. मला इथे आत वास आला, आणि तू गॅसपाशी उभी राहून विचारत होतीस, कसला वास? थकवा आलाय म्हणून अंग ओढत कामाला जात होतीस. तेव्हाच ओळखलं मी. बोलले असते तर तू स्वतःला खात बसली असतीस, म्हणून गप्प राहिले. तू कडी लावत गेलीस, मी लावू देत गेले. पण आता ऐक, पोरी. तो तुझ्याकडूनच आला, आणि मी त्यातून उठले. या खोलीतून मात्र उठता येत नाही. मला बाहेर यायचंय."