समितीचं कुलूप

आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेची मोकळी जागा होती. फुटके कमोड, फाटक्या गाद्या आणि गल्लीभरचा कचरा तिथे पडायचा. ती जागा साफ करायला घेतली माझ्या नणंदेनं. ताईंनी चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्सचं काम केलेलं, घाण बघून नाक मुरडणं त्यांच्या स्वभावातच नाही. रोज सकाळी फावडं घेऊन निघायच्या. महिनाभरानं इस्त्रीवाली त्यांच्या मदतीला आली, मग समोरचा वेल्डर. त्यानं भंगारातल्या सळ्या जोडून फाटक करून दिलं, ढोरं आत शिरू नयेत म्हणून.

आमचे हे तेव्हा गॅलरीत चहा पीत उभे असायचे. म्हणायचे, "ताईची बुद्धी फिरलीय."

वाफे हिरवे झाले आणि ह्यांना बागेचा कळवळा आला. आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या कागदावर सह्या ठोकलेला माणूस. आयतं काही दिसलं की हात शिवशिवतात. लगेच समिती झाली. हे अध्यक्ष. उपाध्यक्ष दातांचे डॉक्टर, ज्यांना माती फक्त गाडीच्या चटईवर दिसते आणि तिथेही खपत नाही. चौथ्या बैठकीत ठराव झाला की बागेत 'कोणीही' येतं. मग नियमांची पाटी आली, पास आले आणि फाटकाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीवाली सासूला हाताला धरून आली. म्हातारी रोज तिथल्या कडुनिंबाखाली टेकायची.

"पास?" ह्यांनी विचारलं.

"साहेब, ते झाड मी लग्न होऊन आले तेव्हा लावलंय."

"झाड समितीचं आहे."

तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. हे सख्ख्या बहिणीला म्हणाले, "ताई, तू रीतसर अर्ज कर. समिती विचार करेल."

मी शेजारीच उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी हात मागे घेतला. वळल्या आणि वेल्डरला घेऊन आल्या. त्यानं दोन बिजागऱ्या कापल्या, मग कुलपाची कडी कापली आणि फाटक उचलून भिंतीला लावलं.

"हे बेकायदेशीर आहे!" हे किंचाळले.

"फाटक माझं, साहेब," वेल्डर म्हणाला. "कुलूप तुमचं. हे घ्या." आणि गरम कुलूप फडक्यात गुंडाळून त्यानं ह्यांच्या हातावर ठेवलं.

म्हातारी आत जाऊन बसलीसुद्धा.

आठवड्यात समितीतल्या सगळ्यांच्या तब्येती एकदम बिघडल्या आणि राजीनामे आले. हे आता लांबच्या रस्त्यानं फिरायला जातात. विचारलं तर म्हणतात, "तिकडे हवा चांगली आहे."

ह्यांना मी काय हसू? ताई एकट्या राडारोडा उपसत होत्या, तेव्हा ह्यांच्या हातातला तो चहा मीच करून देत होते. वर साखर पुरे का, म्हणून विचारतही होते.

परवा मी खुरपं घेऊन बागेत गेले. तासभर मान मोडून काम केलं. ताई येऊन बघतात तर काय!

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "गाजराची रोपं उपटलीस सगळी, आणि गवत ठेवलंस. सरक जरा, दाखवते."