लोडावरचं मरण

या, सरका जवळ. टाळ ठेवा बाजूला. कीर्तनात जागणारा माणूस मी, पण आज सांगतो ती गोष्ट माझ्याच पापाची आहे.

चाकणच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. त्यामुळे गुरुवारी माणच्या माळावर सोटेबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसे. बाबाची ख्याती एकच, मेलेला उठवतो. आधी सोट्यानं झोडून अंगातलं भूत काढायचं. माणूस बेशुद्ध पडला की चेले त्याचं डोकं उंच लोडावर टेकवत. हनुवटी छातीला लागायची, घरघर व्हायची, मग श्वासच थांबायचा. नाकाशी आरसा धरून, त्यावर वाफ धरत नाही हे सगळ्यांना दाखवत.

"पोचला यमाच्या गेटवर," बाबा सांगायचा. "पण गेटपास माझ्याकडं हाय."

मग केस धरून डोकं मागे खेचायचा आणि श्वास घशातून खरखरत आत शिरायचा. तीन जण असे उठलेले मी पाहिले. तिन्ही वेळा हात जोडले.

त्या गुरुवारी दुर्गाबाईनं लेकाला आणलं. भैरू माझ्या शेजारचा, प्रेस मशीनवर कामाला. त्याला फिट यायच्या. मशीनवर मेलेला जुना कामगार अंगात येतो, असं शिफ्टमधल्यांनी ठरवून टाकलं होतं. बाबाकडं न्या, हा सल्ला माझा. त्याचे पाय धरायलाही मीच बसलो.

पहिला सोटा पाठीवर, दुसरा बरगड्यांवर. आत काहीतरी मोडलं, तो हिसका पायांतून माझ्या हातांना कळला.

"काका, सोडा," भैरू म्हणाला.

मी सोडलं नाही. पुढचा फटका तोंडावर बसला, दात तुटला, रक्त उसळलं आणि पोरगा लुळा पडला. लोड आला, आरसा आला. बाबानं केस धरून मान खेचली. श्वास आला नाही. पुन्हा खेचली. ओठ निळे पडत चालले.

"आईची श्रद्धा कमी पडली," म्हणत बाबा दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात गर्दी फोडून मिनल आली. ही पिंपळे गुरवच्या, माझ्या ओळखीतल्या अण्णासाहेबांची मुलगी. बंद पडलेला श्वास चालू करायला कोणता मास्क साध्या कामगारालाही जमेल, यावर ती हॉस्पिटलात संशोधन करते आणि कंपन्यांत शिकवते. भैरू तिच्या शिकवणीला बसलेला. मला बाबाकडं नेतायत, असा फोन त्यानंच तिला केला होता.

चेल्यानं तिच्या खांद्यावर सोटा हाणला. ती थांबली नाही. लोड भिरकावला, भैरूला कुशीवर वळवून तोंडातला दात आणि रक्ताची गाठ बाहेर काढली, मग उताणा करून जबडा वर उचलला. नाकातोंडावर सोबत आणलेला मास्क दाबून ती त्याला जोडलेली रबरी पिशवी पिळू लागली. छाती वर आली. चेल्याचा सोटा पुन्हा उठला तेव्हा कुठं भैरूच्या पायांवरचे माझे हात सुटले. मी तो सोटा धरला. त्यात माझं बोट मोडलं, ते अजून वाकडंच आहे.

भैरू खोकला. श्वास सुरू झाला. दुर्गाबाईनं धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं, छातीशी दाबलं. आणि पुन्हा घरघर, पुन्हा श्वास बंद. सगळा मांडव बघत होता.

मिनल हळू म्हणाली, "मावशी, मांडी काढा. मान दुमडली की जीभ मागं पडते, हवेची वाट बंद होते. बाबाचा लोड हेच करतो. मान मागं घेतली की वाट उघडते, त्याला तो गेटपास म्हणतो."

दुर्गाबाईनं मांडी काढली. लेकाला उघड्या जमिनीवर कुशीला वळवलं, सांगितलं तशी मान धरली. श्वास वाहू लागला.

मागच्या महिन्यात 'उठलेले' यशवंतराव स्वतःचा गळा चाचपत पुढे आले. "म्हंजी मला बी ह्यानंच मारलं व्हतं."

मग बाबाला पळायला वाट मिळाली नाही. लोकांनी त्याचाच सोटा त्याच्यावर उगारला. मिनलनं तो खाली घ्यायला लावला आणि पोलीस येईपर्यंत त्याला नुसता बसवून ठेवला.

माझा देव माझ्याजवळ आहे, कीर्तनही सुटलेलं नाही. पण आता चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी मी विचारतो, हे झालं कसं? तुम्हीही विचारा. फिट आली तर दवाखाना गाठा. कुणी बेशुद्ध पडलं तर १०८ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उशी देऊ नका. मायेनं हात पुढे होईलच. तेव्हा दुर्गाबाईला आठवा, जिनं लेकराच्या डोक्याखालून आपली मांडी काढून घेतली.