रोल अडकला होता म्हणे

मी कॅमेरा बोलतोय. रोलवाला, हातानं चालवायचा. पण माझ्या तोंडून गोड आठवणी ऐकायच्या म्हणून कुणी बसलं असेल, तर त्यानं आत्ताच उठावं. मला एका माणसावर सूड उगवायचा होता, आणि तो मी उगवला. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म जपानातला. १९८३ साली नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून देवीदास खानझोडे यांनी मला घेतलं आणि गळ्यात घालूनच रेल्वेनं रायपूरला आणलं. बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. माझ्यात आपोआप काहीच होत नाही. उजेड किती, अंतर किती, सगळं माणसानं नजरेनं जोखायचं. सुरुवातीला त्यांचे हात चाचपडत. वर्षभरात असे बसले की बोलता बोलता, न बघता रोल बदलत. लग्नं, मुंजी, बारशी, पुढे सिलतऱ्याच्या कारखान्यांची उद्घाटनं... बावीस वर्षं मी त्यांच्या छातीवर लोंबकळलो. एकदाही अडलो नाही. माझी सगळी इज्जत ह्या एका वाक्यात आहे.

आता धंद्यातली एक लबाडी सांगतो. रोलमध्ये फोटो छत्तीस, आणि लग्नात पाहुणे तीनशे. प्रत्येकाला वाटणार, आपलाही एक निघावा. मग फोटोग्राफर काय करायचे? कॅमेऱ्यात रोल न घालताच 'जरा इकडे सरका, हां, हसा' म्हणायचे आणि फ्लॅश उडवायचे. ह्याला म्हणत खाली फ्लॅश, खाली म्हणजे रिकामा. पाहुणे खूश, रोल शाबूत. पोटात रोल असला की तो पुढे सरकवताना माझ्या डाव्या खांद्यावरची चकती फिरते, नसला की फिरत नाही. पण चकतीकडे कोण बघतंय? सगळे फ्लॅशकडे बघतात.

२००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि गावात जिकडेतिकडे फिती कापणं सुरू झालं. आज ह्या खात्याचं ऑफिस, उद्या त्या पुलाचं भूमिपूजन. ज्याला त्याला साहेबांच्या बाजूला उभं राहून फोटो हवा. खाली फ्लॅशची नुसती दिवाळी! मला शरम वाटायची, पण मालकापुढे मी काय बोलणार?

२००२ च्या उन्हाळ्यात अभनपूरला एका लग्नात नवरीची मावशी देवीदासांपुढे येऊन उभी राहिली. सुशीलाबाई त्यांचं नाव. निळं लुगडं, हातात पानाचं तबक.

"भैया, माहा एकटीचा एक फोटो काढ न. आजपावतो एकटीचा निघालाच नाही."

"हव मावशी, बसा न."

त्या बसल्या. तबक बाजूला ठेवलं, पदर दोनदा सारखा केला, पाय खुर्चीखाली घेतले. आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. देवीदासांनी बटण दाबलं, फ्लॅश उडाला. चकती फिरली नाही. शेवटचा रोल त्यांनी बिदाईसाठी, म्हणजे नवरीच्या पाठवणीसाठी, राखला होता आणि तो त्यांच्या खिशात होता.

चार महिन्यांनी सुशीलाबाई वारल्या. तेरवीला फोटो हवा म्हणून त्यांची मुलगी इंदू दुकानात आली. तिच्याजवळ आईचा एकच फोटो होता, कुठल्याशा घोळक्यातला. त्यात कुणाच्या तरी खांद्याआड आईचा अर्धा चेहरा गेलेला. देवीदासांनी उगाच दोन पाकिटं चाळली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ह्या डब्ब्यानं दगा दिला न दीदी. रोलच अडकला त्या दिवशी."

"असू द्या भैया, मशीनले काय म्हनता," इंदू म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

अडकला! मी! खोटं बोलले ते, आणि तोंड काळं माझं!

एकदा पचलं म्हटल्यावर त्यांना चटकच लागली. पुढे हरवलेला प्रत्येक फोटो माझ्या माथी. २००५ साली त्यांनी डिजिटल कॅमेरा आणला. पेपरवाल्यांना संध्याकाळच्या आत फोटो हवे असत, हे खरं कारण. पण विचारेल त्याला सांगत, "जुना लय अडकत होता." तो नवा मोठा तोऱ्यात. त्याच्या पाठीवर पडदा, फोटो तिथल्या तिथे दिसतो आणि लोक माना वाकवून आपापलं तोंड बघतात. त्याच्यापुढे खाली फ्लॅशची सोयच नाही. त्याला कधी खोटं बोलावं लागलं नाही, म्हणून तो गुणी. मी मात्र डांबरगोळ्यांच्या सोबतीला खालच्या खणात.

दर दसऱ्याला ते मला बाहेर काढायचे. हळदकुंकू लावायचे, दोनदा बटण दाबून बघायचे. दरवेळी मनात यायचं, आता अडकून दाखवावं, गच्च बसावं. पण मी अडकलो असतो तर त्यांचंच खरं झालं असतं! म्हणून दात ओठ खाऊन मी चोख चाललो. मला दुसरा सूड नव्हता.

२००९ च्या डिसेंबरात त्यांनी मला विकायला काढलं. शाळेत चित्रकला शिकवणारी एक बाई रोलचा कॅमेरा शोधत आली. मी आवाजावरून ओळखलं, इंदू! देवीदासांनी ओळखलं नाही. तिनं मला हातात घेतलं.

"चालू हाय न भैया? बंद तर नाही पडत?"

"काय बोलून राहिले दीदी! बावीस वर्षं वापरला मी. एक डाव अडकला नाही. शप्पथ घेऊन सांगतो."

"एक डाव बी नाही?"

"नाही म्हंजे नाही. इचारा आमच्या घरच्यायले."

बाजूला अल्बममध्ये फोटो चिकटवत बसलेल्या विनोदिनीबाई, म्हणजे देवीदासांच्या पत्नी, मान वर न करता म्हणाल्या, "खरंच हो. कधीच नाही अडकला."

"मंग अभनपूरच्या लग्नात काहून अडकला?" इंदूनं विचारलं. "माह्या आईचा फोटो होता त्याच्यात. तुमीच सांगतलं होतं मले."

देवीदासांचा चेहरा पडला. विनोदिनीबाई हसल्या. "अडकला कसला! यायनं खाली फ्लॅश मारला असन. तवा सगळेच मारत." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विझलं.

"रोलच नव्हता?" इंदूनं विचारलं.

"पब्लिक लय होती न दीदी... बिदाईसाठी ठेवला होता..."

काय सांगू तुम्हाला! सात वर्षांची आग थंड झाली. त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच शपथेवर माझं नाव धुऊन निघालं. बघ लेका, मी मनात म्हणालो, बघ!

इंदूनं मला काउंटरवर ठेवलं. मग म्हणाली, "आठ दिवस सांगून राहिली होती ती मले. भैयानं माहा एकटीचा फोटो काढला म्हणून."

ती मला घेऊन घरी आली. महिना झाला, मी तिच्या टेबलावर आहे. अजून तिनं माझ्यात रोल घातलेला नाही. तोवर तिच्या लेखी आईचा फोटो निघून खराब झाला होता. माझी अब्रू राखण्याच्या नादात आता तो निघालाच नव्हता असं झालं. तरी देवीदासांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

काल तिनं मला मांडीवर घेतलं आणि माझ्या काचेत सरळ डोळे घालून म्हणाली, "तू बी तं होता न तिथं."

होतो ग बाई. फ्लॅश उडाला तेव्हा खटकन वाजलो तो मीच. म्हणून हात जोडून सांगतो, हातच नाहीत तरी सांगतो, रोल घाल आणि ज्याचा एकट्याचा कधी निघाला नाही अशा कुणाला तरी माझ्यासमोर बसव. तुझी आई हसली तेव्हा देवीदासांचं लक्ष मांडवाकडे होतं. ती कशी हसली ते मी एकट्यानंच पाहिलं आहे, आणि तुला दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.