टाचांची तपासणी

मध्यस्थ आप्पासोंनी पाठवलेल्या बायोडाट्यात शिराळ्याच्या स्थळापुढं ‘वेल-हील्ड फॅमिली’ असं छापलं होतं. वडूजच्या नाथाजींची उमेदीची वर्षं फौजेत गेलेली. अर्थ कळल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा त्यांचा खाक्या. लेकीच्या प्रत्येक स्थळात खोट काढणं हा दुसरा.

त्यांनी संयोगितालाच अर्थ विचारला. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, आणि यावेळचा वीरधवल तिच्या मनात भरला होता. ती म्हणाली, खाऊनपिऊन सुखी घर. शब्द कुठून आला यावर विद्वानांत वाद आहे. कुणी म्हणतं झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला बांधतात त्या पात्यावरून, तर कुणी म्हणतं ज्याच्या जोड्यांच्या टाचा झिजलेल्या नाहीत त्यावरून. नाथाजींना कोंबडा पटला नाही, टाच पटली. इथंच सगळा घोळ झाला.

पाहुणे आले, पोहे फिरले, आणि पाण्याचं बघतो म्हणून नाथाजी ओसरीवर सटकले. तिथल्या सगळ्या चपला उलट्या करून त्यांनी टाचांची तपासणी मांडली. बाकीच्या बऱ्या होत्या, पण एका कोल्हापुरी जोडाची टाच पार कागद झाली होती. नाथाजींचं डोकंच फिरलं.

तेवढ्यात साळूबाई बाहेर आल्या. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, आणि इथं तर नवऱ्यानं रांगच लावलेली. बिचाऱ्या भराभर एकेक सुलटी करू लागल्या, पण नाथाजी तो जोड घेऊन बैठकीत पोचलेसुद्धा.

“टाच बघा ही. ह्याला वेल-हील्ड म्हंत्यात व्हय?”

पाहुणे आपापल्या पायांकडं बघू लागले. वीरधवलच्या वडलांनी जोड निरखला आणि आपला नसल्याचं सांगितलं. हेही स्थळ गेलं, या भीतीनं संयोगिताचा जीव टांगणीला लागला. मग तिनं जोडाकडं नीट पाहिलं.

“आबा, ह्यो तुमचाच हाय.”

नाथाजींनी जोड सुलटा केला. वरून ओळख लगेच पटली. स्वतःच्या चपलेचा तळ जन्मात कोण बघतो?

त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी झीज कशानं, असं वीरधवलच्या वडलांनी हळूच विचारलं. दारातून साळूबाई म्हणाल्या, “हिच्यासाठी गावोगाव स्थळं बघून.”

संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून नाथाजींना ‘पाव्हणं’ म्हणणारे वीरधवलचे वडील सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली.

“मग आता हिंडनं पुरं, व्याही. बसा हितं.”